पेपर हातात आल्यावर आठवत का नाही?

पेपर हातात आलाय आणि पहिलाच प्रश्न अडलाय. ती तोच प्रश्न तिसऱ्यांदा वाचतेय, तळहाताला घाम आलाय, पेन घसरतंय, आणि काल रात्री धडाधड म्हणून दाखवलेलं उत्तर आता काही केल्या आठवत नाहीये. अभ्यास झाला होता हो, खरंच झाला होता.

होतं काय, की डोक्यात एका वेळी चार गोष्टी धरून ठेवायची जी जागा असते, वर्किंग मेमरी म्हणतात तिला, ती मुळातच छोटी असते आणि 'मला जमणार नाही' हा विचार एकदा का तिथे घुसून बसला की गणिताच्या पायऱ्या मांडायला जागाच उरत नाही. २०११ साली रामिरेझ आणि बायलॉक या दोन संशोधकांनी परीक्षेच्या अगदी आधी मुलांना १० मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायला सांगितली, बस एवढंच, आणि जी मुलं जास्त घाबरायची त्यांचे मार्क वाढले.

स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही मनात काय चाललंय ते ओळखणं आणि सांभाळणं, यालाच सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्ता म्हटलं. २०२० मध्ये ४२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा तिचा मार्कांशी संबंध ०.२० च्या आसपास निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण). फार मोठा नाही, पण आहे, नक्की आहे.

आता दुसरी बाजू, विचार करायच्या पद्धतीची, आणि मला विचाराल तर हीच जास्त दुर्लक्षित राहते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग म्हणतात, प्रत्येकजण आपल्या डोक्याचा कारभार आपल्या पद्धतीने चालवतो. कुणाला नवीन काही मांडायला आवडतं, कुणाला सांगितलेलं नीट पार पाडायला, कुणाला तपासून बरं-वाईट ठरवायला. ही आवड झाली, कुवत नव्हे! ठरलेलं उत्तर मागणाऱ्या पेपरात दुसऱ्या प्रकारच्या मुलाला सोपं जातं, आणि पहिल्या प्रकारचं मूल प्रोजेक्टमध्ये खुलतं पण पेपरात 'पुस्तकातलं लिहिलं नाही' म्हणून मार्क घालवून बसतं. त्यात शिक्षकांना आपल्यासारखा विचार करणारी मुलं जास्त हुशार वाटतात, हेही अभ्यासात दिसलंय. मग 'हुशार आहे पण अभ्यास करत नाही' हा शेरा कितीजणांना उगाच मिळाला असेल.

ती मुलगी अजून बसलीये. तिने पेन खाली ठेवलं, हात रुमालाला पुसला, एक मोठा श्वास घेतला आणि पान उलटलं. चौथा प्रश्न आहे, 'तुमचं मत सांगा'. ती लिहायला लागलीये.