बायपासनंतर घरी आल्यावर

(दृश्य: वॉर्ड. खाटेवर बसलेला रुग्ण, छातीशी उशी.)

खोकला आला की उशी छातीशी आवळून धरायची. बायपासनंतर हे लगेच शिकवतात, कारण कापलेलं छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं आणि ते सांधायला दोन-तीन महिने लागतात. मग फुप्फुसांच्या व्यायामाचं, तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र. बहुतेक जण आधी त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो.

हॉस्पिटलात धीर असतो, हाकेला सिस्टर असतात. भीती गाठते ती घरी, रात्री. कूस बदलताना छातीत कळ येते आणि वाटतं, परत आला अटॅक.

त्यात घरचे. "अहो, तुम्ही उठू नका, पाणी मी देते." माया खरी, पण डिस्चार्जच्या कागदावर 'रोज चाला' लिहिलेलं असतं आणि माणूस खुर्ची सोडत नाही.

(दृश्य: व्हरांडा, जमिनीवर दोन खुणा.)

ही सहा मिनिटांची चाल, म्हणजे किती चालणं झेपतं याची चाचणी. दोन खुणांमध्ये येरझारा घालायच्या, किती मीटर झाले ते मोजायचं. या वेळी बायकोला बाहेर बसवू नये, शेजारी उभं करावं. नवरा चालला आणि काही झालं नाही, हे तिनं बघितलं की घरातलं निम्मं 'नको-नको' थांबतं. घरी हिशोब सोपा: चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागली की वेग कमी.

भारतात 24 रुग्णालयांत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 3,959 जणांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. निष्कर्ष 2020 मध्ये आले. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. पण योग करणारे आपल्या रोजच्या कामांकडे अधिक चांगले परतले. आमच्या मते हेही थोडं नाही.

गोळ्यांबाबत मात्र तडजोड नाही. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) असताना 'आता बरं वाटतंय' म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानं बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ओरडून उपयोग नाही. गोळी नाश्त्याच्या ताटलीशेजारी ठेवावी. तंबाखू, मिश्री सुटत नसेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर मोफत मदत मिळते.

आणखी एक प्रश्न असतो, जो लाजेपायी कुणी विचारत नाही: नवरा-बायकोनं जवळ कधी यायचं? तो डॉक्टरांनीच काढावा. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता आले, तर सहसा हरकत नसते. फक्त हाड सांधेपर्यंत छातीवर भार नको.