बीडीडी चाळींचा पुनर्विकास आणि गिरणगावची ओळख

उपस्थित बंधू-भगिनींनो,

बीडीडी चाळींकडे आज आपण गिरणगावचा, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या परिसराचा, मानबिंदू म्हणून पाहतो. पण त्या बांधून झाल्या तेव्हा फारशा कोणाला नको होत्या. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई असह्य झाली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याची योजना आखली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक, अशी त्यांची रचना. काँक्रीटच्या त्या खोल्या कामगारांना कोंदट वाटत आणि त्यांचे भाडेही परवडत नसे. त्यामुळे कित्येक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे. वस्तीची ओळख जुन्या वास्तूत असते आणि वास्तू पडली की ओळखही जाते, असे मानणाऱ्यांना, तसेच वास्तू टाकाऊ आहे म्हणून तिथली वस्तीही टाकाऊ ठरवणाऱ्यांना, बीडीडी चाळींनी एकाच वेळी उत्तर दिले आहे. तुरुंग म्हणून चालतील अशा इमारतींचे माणसांनी घर केले. ते कसे केले आणि कोणत्या परिस्थितीमुळे त्यांना ते करता आले, हे समजून घेतल्याखेरीज पुनर्विकासात काय राखायचे हे ठरवता येणार नाही.

कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बहुधा एकटा येई. गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. एक पाळी गिरणीत गेली की दुसरीची वळकटी उलगडे. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळीत होई. ही खाणावळ म्हणजे एखाद्या बाईची तीच छोटी खोली. पहाटे स्टोव्ह पेटायचा, मोरीच्या कडेला भांड्यांची चळत लागायची, भाकऱ्या थापून व्हायच्या, डबे गिरणीच्या दारापर्यंत पोहोचायचे आणि पगाराच्या दिवशी महिन्याचा हिशेब व्हायचा. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत या बायका पिचलेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा तारण म्हणून ठेवायला त्यांच्याजवळ काही नव्हते. होती ती एकमेकींची खात्री. ती शेजारातून आलेली होती. शेजाराला मी वस्तीची सर्वांत मोठी मालमत्ता मानतो ते यासाठी, आणि पुनर्विकासाच्या कोणत्याही तक्त्यात तिला रकाना नसतो.

लालबागच्या गणपतीचेच पाहा. आज रांगा आणि रोषणाई पाहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते की, पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद झाल्यावर उघड्यावर बसणाऱ्या कोळी आणि इतर विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस केला होता आणि जागा मिळाल्यावर १९३४ साली मूर्तीची स्थापना झाली. आपण जिला सांस्कृतिक परंपरा म्हणतो तिच्या मुळाशी पोटापाण्याच्या जागेचा प्रश्न होता.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि गिरणगावचे पोटच गेले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे सुचवले होते: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकांसाठी. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती ठेवली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली, आणि शहराला मिळू शकणारी मोठी जमीन हातची गेली. आता काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. संग्रहालय हवेच. मात्र ज्यांच्या आयुष्यावर ते उभे राहणार त्यांची नातवंडे त्याच परिसरात राहू शकली पाहिजेत. नाहीतर आपण ओळख जपली असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. शंभर वर्षे होत आलेल्या इमारतींत, सामाईक संडासासमोर रांगेत उभे राहून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना चाळसंस्कृती टिकवण्याचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे आहे. म्हाडाच्या योजनेत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात त्याच जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. लोक शहराबाहेर फेकले गेले नाहीत, ही मुंबईच्या अलीकडच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे.

पण उंच इमारतीत जाताना काय मागे राहते, याचा विचार अजून करता येण्याजोगा आहे. घरांचे वाटप सोडतीने केले की एका मजल्यावरचे वीस शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरतात, आणि म्हातारीला औषध आणून देणारा मुलगा तिच्या दारासमोर उरत नाही. ज्या कुटुंबांना एकत्र राहायचे आहे त्यांना तसा गट करून अर्ज करता यावा आणि सोडत गटाची निघावी, एवढा बदल केला तर सरकारचा एक रुपयाही वाढत नाही. यावर एक रास्त आक्षेप येईल. चाळींमध्ये जातीनुसार वाटण्या होत्या, १९७४ साली वरळीत दलित आणि सवर्ण यांच्यात दंगल पेटली, ती काही परक्यांमध्ये नव्हे, शेजाऱ्यांमध्येच. मग जुनेच गट पुढे न्यायचे काय? माझे म्हणणे असे की, गट लोकांनी स्वेच्छेने करावेत, जुन्या चाळीच्या क्रमांकानुसार नव्हे, आणि एका इमारतीत सर्व चाळींतले गट यावेत. बुद्धविहार, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ आणि जयंती उत्सव समिती यांना तळमजल्यावर, रस्त्याला लागून जागा मिळावी. वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर मिळालेल्या सभागृहात ही माणसे रोज संध्याकाळी जमणार नाहीत. घरात पापड लाटणारी, शिवणकाम करणारी, डबे देणारी बाई सोसायटीच्या नियमाने गुन्हेगार ठरू नये. आणि उद्वाहने, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा मासिक खर्च कुटुंबाच्या मिळकतीला झेपेल, याची तरतूद पहिल्या दिवसापासून व्हावी, कारण तो झेपला नाही तर घर भाड्याने देऊन किंवा विकून माणूस निमूटपणे निघून जातो.

लोकांना विचारून बांधता येते का, अशी शंका असणाऱ्यांनी पुण्यातील येरवड्याच्या वस्त्या जाऊन पाहाव्यात. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या निधीतून तिथे पक्की घरे तशीच ठेवून फक्त कच्ची घरे, शक्य तिथे मूळ जागीच, नव्याने बांधण्यात आली. वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई, स्पार्क ही संस्था आणि महिला मिलनच्या बायका यांनी घराघराशी बसून नकाशे ठरवले. घर सुमारे २७० चौरस फुटांचे. जागा अपुरी असेल तिथे वर मजला घ्यायचा किंवा शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून सामाईक इमारत बांधायची. दहा टक्के वाटा कुटुंबाचा असल्यामुळे जिना कुठे, ओटा किती, यावर प्रत्येकाने हक्काने वाद घातला. काम त्यामुळे रेंगाळले, जमिनीच्या मालकीचा प्रश्नही त्याने सुटला नाही. तरीही गल्ली गल्लीच राहिली आणि शेजार शेजारच राहिला. मुंबईच्या दाटीत ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, पण नकाशाआधी माणसांशी बोलण्याचा तिचा क्रम कुठेही चालेल.

शिवडीच्या १२ चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने त्यांचे काम इतर तिन्ही ठिकाणांच्या मागे पडले. तिथल्या रहिवाशांनी फार वाट पाहिली आहे, पण या विलंबाचा एक उपयोग करता येईल. बारा चाळी म्हणजे सुमारे ९६० खोल्या. कोणत्या खोलीत कोणता व्यवसाय चालतो, कोण कोणाच्या आधाराने राहतो, भाडेकरू म्हणून नाव नसलेली पण वर्षानुवर्षे राहणारी माणसे किती, मंडळे कोणती आणि ती कुठे बसतात, याची नोंद वस्तीतल्याच तरुण मुलामुलींनी काही महिन्यांत करावी आणि ती म्हाडाने आराखड्याची निविदा काढण्यापूर्वी तिच्या अटींना जोडावी. या सभागृहात वास्तुशास्त्राचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी बसलेले दिसत आहेत; त्या नोंदीचा नमुना तयार करायला त्यांनी रहिवाशांच्या समित्यांबरोबर बसावे, अशी माझी विनंती आहे.