सिएटलचे आवाज: 'मोठा कोण' या वादात राहून गेलेलं

[दृश्य: सिएटलचा डिस्कव्हरी पार्क, पाण्याकाठचं दीपगृह, उंच वाढलेलं गवत]

निवेदन:

नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन रॉकचे चार चाहते एकत्र बसले की एक वाद हमखास पेटतो. सिएटलच्या चौघांमध्ये मोठा गायक कोण? निर्वाणाचा कर्ट कोबेन, साउंडगार्डनचा ख्रिस कॉर्नेल, पर्ल जॅमचा एडी व्हेडर, की ॲलिस इन चेन्सचा लेन स्टेली?

किराणा की जयपूर, यावर आपल्याकडे ज्या तावातावानं रात्री जागवल्या गेल्या, त्याच तावातावानं हे भांडण तीस वर्षं चालू आहे. कॉर्नेलवाले त्याच्या तारसप्तकाकडे बोट दाखवतात. कोबेनवाले म्हणतात, गळ्याचं सोडा, अख्ख्या पिढीचे कान त्यानं बदलले. व्हेडरवाले म्हणतात, टिकला कोण ते बघा. आणि स्टेलीवाले बराच वेळ गप्प बसतात, मग एकच गाणं लावतात.

या चौघांना एका शिडीवर चढवायचं आणि वरची पायरी कुणाची ते ठरवायचं, अशीच ही चर्चा होते. पण त्यांच्या रेकॉर्ड नीट ऐकल्या की दिसतं, हे आवाज एकमेकांच्या सोबतीनं घडले. ती देवाणघेवाण बाजूला ठेवून वारशाचा हिशेब लागत नाही.

[दृश्य: १९९० मधलं सिएटल, पावसाळी रस्ते, छोट्या क्लबांच्या पाट्या]

मार्च १९९०. मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वुड हेरॉइनच्या अतिसेवनानं गेला. वय अवघं २४. पहिला अल्बम बाजारात यायचा होता. ख्रिस कॉर्नेल त्याच्यासोबत एकाच घरात राहिलेला. मित्र गेल्यावर कॉर्नेलनं त्याच्यासाठी गाणी लिहिली आणि ती वाजवायला वुडच्याच बँडमधल्या स्टोन गॉसर्ड आणि जेफ अमेंट यांना बोलावलं. टेंपल ऑफ द डॉग हा बँड असा उभा राहिला.

गॉसर्ड आणि अमेंट त्याच वेळी आपला नवा बँडही जुळवत होते, तोच पुढे पर्ल जॅम झाला. त्यासाठी सॅन डिएगोहून एक गायक आला होता, लाजराबुजरा, शहरात कुणाला फारसा माहीत नसलेला. एडी व्हेडर. आपल्या तालमीची वेळ व्हायची वाट बघत तो कोपऱ्यात बसला होता. समोर कॉर्नेल 'हंगर स्ट्राइक' बसवत होता. वरची ओळही त्यालाच गायची होती, खालचीही त्यालाच, आणि एकातून दुसरीत जाताना ओढाताण होत होती. व्हेडर उठला, माइकपाशी गेला आणि खालची ओळ गायला. कॉर्नेलनं ती तशीच राहू दिली.

याच दीपगृहाच्या परिसरात त्या गाण्याचा व्हिडिओ चित्रित झाला. आज तो बघताना दोघांचे स्वर वेगळे काढून ऐका. व्हेडरचा आवाज छातीतून येतो, जाड आणि स्थिर. त्याच्यावरून कॉर्नेलचा आवाज फाटत वर जातो. खालची ओळ तशी भक्कम नसती, तर वरच्या किंकाळीला उभं राहायला जमीनच मिळाली नसती. १९९१ मध्ये आलेला टेंपल ऑफ द डॉगचा अल्बम आधी फारसा कुणी विचारला नाही. पुढच्या वर्षी पर्ल जॅम आणि साउंडगार्डन गाजले, तेव्हा कंपनीनं तो पुन्हा पुढे आणला आणि मग त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या.

[दृश्य: रेकॉर्डिंग स्टुडिओ, फिरणारी टेप]

आता कोबेन. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कला निर्वाणानं एमटीव्ही या वाहिनीसाठी अनप्लग्ड, म्हणजे विजेच्या वाद्यांऐवजी साध्या वाद्यांवरची, मैफल केली. शेवटचं गाणं जुनं लोकगीत, लेड बेली या जुन्या गायकाच्या आवाजात प्रसिद्ध झालेलं. अखेरच्या कडव्यात कोबेन वरच्या पट्टीत चढतो, आवाज चिरतो, शेवटच्या ओळीत तो क्षणभर थांबतो, डोळे उघडतो, श्वास घेतो आणि ओळ पुरी करतो. कोबेनच्या थोरवीचा पुरावा म्हणून चाहते हेच सेकंद दाखवतात, आणि बरोबरच दाखवतात.

पण हेच लोकगीत मार्क लॅनेगननं १९९० मध्ये आपल्या पहिल्या एकल अल्बमसाठी गायलं होतं, आणि त्या ध्वनिमुद्रणात कोबेन स्वतः होता. निर्वाणाचा क्रिस्ट नोव्होसेलिक त्यात बास वाजवत होता. स्क्रीमिंग ट्रीज या बँडचा लॅनेगन, घोगऱ्या, खर्जातल्या आवाजाचा. 'चौघां'च्या यादीत त्याचं नाव येत नाही. २०२२ मध्ये तो आयर्लंडमध्ये गेला, तेव्हा कुठे अनेकांनी त्याच्या रेकॉर्ड पहिल्यांदा काढल्या.

[दृश्य: दोन माइक, शेजारी शेजारी]

लेन स्टेलीबद्दल मात्र सविस्तरच बोलायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर झाला.

ॲलिस इन चेन्सचं गाणं ऐकताना नवखा माणूस विचारतो, हा नेमका कुणाचा आवाज? एकट्याचा नाहीच तो. गिटारवादक जेरी कॅन्ट्रेल आणि स्टेली दोघं एकच ओळ वेगवेगळ्या सुरांवर धरतात. हार्मनीनं गाणं गोड होतं, असा आपला अनुभव असतो. इथे दोन सूर एकमेकांना इतके घासून ठेवलेले असतात की कानाला अस्वस्थ वाटतं, आणि तरी सोडवत नाही. त्यावर स्टुडिओत स्टेली स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवायचा. १९९२ चा 'डर्ट' हेडफोन लावून ऐका. लांबवलेल्या शब्दाच्या टोकाला तो स्वर किंचित वाकवतो, तेव्हा मागचे थरही सोबत वाकतात. हा अपघात नव्हे. हे कसबी कलाकाराचं काम आहे. व्यसनी माणसाचा आक्रोश एवढंच म्हणून त्याची बोळवण करणं मला पटत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची 'सॅप' नावाची छोटी रेकॉर्ड आली. तिच्यातल्या एका गाण्यात कॅन्ट्रेल, स्टेली, कॉर्नेल आणि मडहनी या बँडचा मार्क आर्म असे चौघं गातात. आणखी काही गाण्यांत मागचा आवाज आहे ॲन विल्सनचा. हार्ट या बँडची ही गायिका सत्तरच्या दशकातच सिएटलमधून जगभर पोहोचली होती. ज्यांना आपण प्रतिस्पर्धी म्हणून एकमेकांसमोर उभं करतो, ते एकाच रेकॉर्डवर पाळीपाळीनं गात होते.

जानेवारी १९९४ मध्ये त्यांची 'जार ऑफ फ्लाइज' थेट बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीच्या, पहिल्या क्रमांकावर उतरली. त्याआधी कोणत्याही ईपीला, म्हणजे अशा छोट्या रेकॉर्डला, ते जमलं नव्हतं. एप्रिल १९९६ ला ब्रुकलिनमध्ये अनप्लग्ड मैफल झाली. स्टेलीचे गुलाबी केस, काळा चष्मा, खंगलेलं शरीर. एका गाण्यात शब्द चुकले, ते पुन्हा सुरू करावं लागलं. पण आवाज लावला की सूर जागेवर. त्या उन्हाळ्यात त्यानं बँडसोबत शेवटचे कार्यक्रम केले आणि मग हळूहळू दार लावून घेतलं. ५ एप्रिल २००२ रोजी तो गेला, वय ३४. घरी त्याचा मृतदेह सापडायला दोन आठवडे गेले. कोबेनही ५ एप्रिललाच गेला होता, आठ वर्षांपूर्वी, वयाच्या २७ व्या वर्षी. कोबेनसाठी सिएटलमध्ये हजारो लोक जमले होते, जगभर बातम्या झाल्या होत्या. स्टेलीच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं.

[दृश्य: वर्तमानपत्रांची जुनी पानं]

खपावरून निकाल लावू म्हणाल, तर तोही लागत नाही. निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमनं जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून हटवलं. पर्ल जॅमचा दुसरा अल्बम १९९३ मध्ये पहिल्याच आठवड्यात साडेनऊ लाखांच्या घरात विकला गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे रॉकमधल्या मानाच्या यादीत, निर्वाणा २०१४ ला, पर्ल जॅम २०१७ ला, साउंडगार्डन २०२५ ला पोहोचले. ॲलिस इन चेन्स अजून बाहेरच आहेत. मला ही समितीची चूक वाटते.

व्हेडरवर वेगळा अन्याय होतो. तो जगला. त्यामुळे त्याचे साधारण अल्बमही मोजले जातात, पांढरे केस मोजले जातात, आणि त्याची नक्कल करणाऱ्या डझनभर गायकांचं पापही त्याच्याच माथी मारलं जातं. १९९४ मध्ये टिकीटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध पर्ल जॅम उभे राहिले, गॉसर्ड आणि अमेंट यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. तिकीट स्वस्त राहावं म्हणून स्वतःचे दौरे अडचणीत आणणारा बँड हासुद्धा वारसाच.

नकलेचा आरोप सर्वांत जास्त सोसला तो स्टोन टेंपल पायलट्सच्या स्कॉट वायलंडनं. जानेवारी १९९४ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचकांनी त्यांना सर्वोत्तम नवा बँड ठरवलं आणि त्याच मासिकाच्या कौलात समीक्षकांनी सर्वांत वाईट. १९९६ चा त्यांचा तिसरा अल्बम ऐकल्यावर तो आरोप कुणी करू नये.

आणि एक नाव, ज्याच्याशिवाय ही चर्चा अर्धवट आहे. टीना बेल. १९८३ मध्ये सिएटलमध्ये सुरू झालेल्या बॅम बॅम या बँडची कृष्णवर्णीय गायिका. तिच्या बँडमध्ये सुरुवातीला ड्रम्स वाजवणारा मॅट कॅमेरॉन पुढे साउंडगार्डनमध्ये गेला, नंतर पर्ल जॅममध्ये. तो दोन्ही बँडसोबत हॉल ऑफ फेममध्ये आहे. टीना २०१२ मध्ये गेली. तिच्या आवाजाची दखल मोठ्या प्रमाणावर घेतली गेली ती त्यानंतर. चौघांची यादी करताना ही बाई कुठे गेली, हे चाहत्यांनी एकमेकांना विचारायला हवं.

[दृश्य: लॉस एंजेलिस, फोरम सभागृहाबाहेरची गर्दी]

मे २०१७ मध्ये डेट्रॉइटचा कार्यक्रम संपवल्यावर त्याच रात्री कॉर्नेल गेला. वय ५२. जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये त्याच्या मित्रांनी त्याची गाणी गायली. टेंपल ऑफ द डॉगचे वादक पुन्हा मंचावर आले. अँड्र्यू वुडसाठी कॉर्नेलनं लिहिलेलं गाणं त्या रात्री कॉर्नेलसाठी गायलं गेलं, आणि गायिका होती मायली सायरस. पॉपमधली मुलगी हे गाणं गाणार, यावर काही चाहत्यांनी आधी नाकं मुरडली, आणि तिनं वरचे सूर लावल्यावर त्यांतले कित्येक तिच्या बाजूनं भांडू लागले. ब्रँडी कार्लाइल आणि ख्रिस स्टेपलटन यांनी 'हंगर स्ट्राइक' वाटून घेतलं, त्यांतली वरची ओळ कुणाला जास्त शोभली, यावर आता नवा वाद सुरू आहे.