शेतावरून जाणारी वीजवाहिनी आणि सरकारची परवानगी

श्रोतेहो, नमस्कार.

साक्रीकडच्या पवनचक्क्या, भुसावळजवळचं दीपनगर औष्णिक केंद्र, छत्रपती संभाजीनगरहून धुळ्यापर्यंत आलेली ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी. खान्देशात वीज तयार होते, बाहेरून येते आणि पुढेही जाते. ती जाते कुणाच्या तरी शेतावरूनच. टॉवरचा खड्डा घ्यायला माणसं आली की शेतकरी विचारतो, "आमची संमती कुठं घेतली?"

सरकारनं कंपनीला तसे अधिकार दिले असतील, तर ती कायद्यानं लागतच नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. वीज कायदा २००३ च्या कलम ६८ प्रमाणे अशा वाहिनीला सरकारची पूर्वमान्यता लागते. कलम १६४ खाली सरकार कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले, म्हणजे संमतीशिवाय शेतात खांब-तारा उभारण्याचे, अधिकार देऊ शकतं. नवा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये झाला, पण वीजवाहिन्यांपुरती ती जुनी तरतूद राखून ठेवली आहे. तारायंत्राच्या खांबांसाठी केलेला कायदा चार पायांच्या अजस्र टॉवरला लावणं मला अन्यायाचंच वाटतं.

तरी त्याच कायद्यात शेतकऱ्याच्या कामाचं बरंच आहे. जमीन तुमच्याच मालकीची राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. तुम्ही अडवलं, तर कंपनीला कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं जावं लागतं. त्यांचा आदेश झाल्यावर मात्र काम अडवणं गुन्हा ठरतो. भरपाई अपुरी वाटली, तर जिल्हा न्यायाधीशांकडं अर्ज करता येतो. म्हणून शेतात पाय ठेवणाऱ्याकडं आधी कलम १६४ च्या आदेशाची प्रत मागा.

केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सुचवली आहे.  राज्याचा चालू शासन निर्णय तहसील कचेरीतून मिळवून वाचा. पिकाची भरपाई याहून वेगळी असते, आणि खरी गफलत तिथंच होते.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पंचनाम्यात नुसतं "केळी, दहा गुंठे" लिहिलं असेल, तर सही करू नका. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आहे की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), बाग निसवली होती का, म्हणजे घड बाहेर पडले होते का, पिलबाग (खोडाच्या पिलांवरचं पुढचं पीक) धरायची होती का, खोडं किती पडली, ठिबकच्या नळ्या किती मीटर तुटल्या, हे सगळं कागदावर आलं पाहिजे. पाया खोदताना, टॉवर उभारताना आणि तारा ओढताना, तिन्ही वेळा नुकसान होतं. पंचनामाही तिन्ही वेळा मागा, आणि प्रत्येक वेळी प्रत हातात घ्या.

माझी सरकारकडं कळकळीची मागणी आहे. मान्यतेआधी गावांची नावं वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत येतात, पण शेतकऱ्याच्या नजरेला ती पडत नाही. ती सूचना ग्रामसभेत नकाशासह वाचून दाखवा. आखणी कागदावर असते, तेव्हा टॉवर विहिरीपासून बाजूला घेऊन बांधावर नेता येतो. पाया भरल्यावर कुणीच तो हलवत नाही.