कोपऱ्यातला रे अ‍ॅलन

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय रे अ‍ॅलनबद्दल. बास्केटबॉल म्हटलं की आपल्या पोरांना फक्त डंक दिसतो, उडी मारून रिंगला लटकायचं, म्हणूनच तर शाळेच्या ग्राउंडवरच्या रिंगा वाकलेल्या असतात आणि जाळी तर कधीचीच गायब, कुणी नवीन लावत पण नाही. असो. आपला हा माणूस लांबून मारणारा, थ्री पॉइंटरवाला. म्हणजे बास्केटपासून लांब एक लाइन असते, तिच्या बाहेरून टाकला तर तीन पॉइंट, आतून टाकला तर दोन.

करिअर पटकन सांगतो. १९९६ ला एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधे आला, आधी मिलवॉकी, मग सिअ‍ॅटल, २००७ ला बॉस्टन आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन. मधे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकचं गोल्ड. २०११ मधे रेजी मिलरचा सगळ्यात जास्त थ्रीचा रेकॉर्ड मोडला, २०१२ ला मायामीत गेला. झालं करिअर. आता खरी गोष्ट ऐका.

२०१३ ची फायनल, मायामी विरुद्ध सॅन अँटोनिओ. फायनल एका मॅचची नसते, चार मॅच आधी जिंकेल त्याचा कप. सॅन अँटोनिओ ३-२ ने पुढे, म्हणजे ही सहावी मॅच जिंकली की कप त्यांचा. तिकडे १८ जूनची रात्र, आपल्याकडे १९ ची सकाळ, अख्खं पुणं डबे घेऊन ऑफिसला निघालेलं आणि मी टीव्हीसमोर. २८ सेकंद उरलेत आणि मायामी ५ पॉइंटनी मागे. कप द्यायची तयारी म्हणून कोर्टाच्या कडेला पिवळी दोरी धरून माणसं उभी पण राहिली. आणि मायामीचे प्रेक्षक उठून घरी निघाले! सवाईत भैरवी सुरू व्हायच्या आत पार्किंगकडे पळणारे आपल्याकडे कमी आहेत का, तीच जात. माझं तर स्पष्ट मत आहे, अशांना पुढच्या वर्षी तिकीटच देऊ नये.

तर मायामीच्या लेब्रॉन जेम्सने एक थ्री मारला. मग सॅन अँटोनिओच्या कवाय लेनर्डला दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, एकेका पॉइंटचे), त्यातला एक हुकला. फरक तीनचा. लेब्रॉनने परत थ्री मारला, तो बाहेर, आणि सॅन अँटोनिओच्या उंच टिम डंकनला कोचने नेमकं बाकावर बसवलेलं, त्यामुळे रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, मिळाला मायामीच्या ख्रिस बॉशला. बॉशने बॉल धरला तोवर रे अ‍ॅलन उलट्या पावलांनी मागे सरकत उजव्या कोपऱ्याकडे चाललेला, खाली अजिबात न बघता. त्या कोपऱ्यात थ्रीची लाइन आणि साइडलाइन यांच्यात जागा किती, तर तीन फूट. मागे पाय पडला तर आउट, पुढे पडला तर तीनचे दोन. सॅन अँटोनिओचा टोनी पार्कर अंगावर धावून येतोय, आणि याने उडी मारली, सोडला. आत! ९५-९५. घड्याळात ५.२ सेकंद. रेफरींनी रिप्ले बघितला, पाय लाइनच्या मागेच. आणि जे बाहेर पडलेले ते गेटवर दारं बडवतायत, आत कोण घेणार!

ओव्हरटाइममधे मायामी १०३-१०० ने जिंकली, शेवटचे दोन फ्री थ्रो पण रे अ‍ॅलननेच टाकले. सातवी मॅच आणि कप, दोन्ही मायामीचे.

आता याला नशीब म्हणणारे भेटतात. नशीब कसलं! मिलवॉकीत असल्यापासून हा एकटा सराव करायचा, बास्केटसमोर जमिनीवर चक्क आडवं व्हायचं, झटकन उठायचं, मागे सरकत कोपरा गाठायचा आणि पायाकडे न बघता शॉट मारायचा. परत सांगतो, आडवं व्हायचं, उठायचं, मागे जायचं, पायाकडे बघायचं नाही. मॅचच्या दिवशी बाकीच्यांच्या कितीतरी आधी ग्राउंडवर हजर. आपल्याकडे क्लासची फी भरली की सराव झाला असं समजतात, तो विषय निघाला तर वेळ पुरायचा नाही.

२,९७३ थ्री मारून तो थांबला. तो रेकॉर्ड २०२१ मधे न्यूयॉर्कला स्टीफन करीने मोडला, तेव्हा रे अ‍ॅलन स्वतः तिथे हजर होता. बॉस्टनच्या जुन्या दोस्तांनी मात्र, मायामीत गेला म्हणून, कितीतरी वर्षं अबोला धरलेला. २०२२ मधे त्यातल्याच केविन गार्नेटच्या जर्सीचा सोहळा होता (त्याचा नंबर बॉस्टनने कायमचा राखून ठेवायचा), तिथे गार्नेटनेच त्याला बोलवून मिठी मारली.