थांबायला लागते जागा

(दृश्य: उभ्या गाडीचं चाक, अगदी जवळून)

टायर रस्त्याला टेकलाय ती जागा पाहा. जेमतेम तळहाताएवढी. चार चाकांचे असे चार तळहात. वेग घेणं, वळणं, थांबणं सगळं त्यांच्याच जिवावर.

ब्रेक गाडी थांबवतो, असं आपण म्हणतो. खरं तर तो फक्त चाक आवळतो. गाडीला अडवतं ते रस्त्याचं घर्षण. ते अपुरं पडलं की चाक जाम होतं आणि गाडी घसरत पुढेच जाते.

(दृश्य: कोरडा, सरळ रस्ता, शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन गाड्या)

एकीचा वेग ताशी ५० किलोमीटर, दुसरीचा ६०. समोर अचानक अडथळा. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद गेला, असं धरू. तेवढ्यात पहिली १४ मीटर पुढे सरकली, दुसरी जवळपास १७. घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीचं माप, ०.७ असेल, तर पहिली आणखी १४ मीटरांत, म्हणजे २८व्या मीटरवर थांबते. त्याच जागी दुसरीचा वेग किती? दहा, असं वाटेल. असतो तब्बल ४०!

ब्रेक सारख्याच जोराने दाबलेला असला, तरी सुरुवातीच्या मीटरांत वेग फारसा उतरत नाही. तो झपकन उतरतो शेवटच्या काही मीटरांत, आणि दुसऱ्या गाडीला नेमके तेच मीटर मिळालेले नसतात. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४वर आला, तर ५०च्या वेगालाही नुसत्या ब्रेकसाठी १४ऐवजी २५ मीटर लागतात.

(दृश्य: वळण, वरून)

वळणाची त्रिज्या ५० मीटर. रस्ता सपाट आणि कोरडा असेल, तर ताशी ६७च्या आसपास टायर हात टेकतात; ओला असेल तर ५०लाच. गाडी जड की हलकी, याने हे गणित बदलत नाही. वजनाबरोबर घर्षण वाढतं, तसंच जडत्वही. वळणावर जोरात ब्रेक मारला, तर तीच पकड थांबणं आणि वळणं यांत वाटली जाते. म्हणून वेग उतरवायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या गाडीत चाकं जाम झाली, तर स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. आधी ब्रेक किंचित सोडावा लागतो.

(दृश्य: गाडीच्या आत, सीटबेल्ट)

५०च्या वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला, तर पट्टा लावलेल्या माणसालाही निदान तेवढी जागा मिळते. तरी सरासरी बल त्याच्या वजनाच्या सोळापट! पट्टा नसलेला माणूस मात्र ५०च्याच वेगाने पुढे जात राहतो आणि काही सेंटिमीटरांत थांबतो: डॅशबोर्डवर, किंवा मागे बसला असेल तर पुढच्या सीटवर. जाड जाकिटावरून सैल बांधलेला पट्टाही उशिरा आवळतो. तो खांद्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून, अंगासरशी बसायला हवा, पोटावरून नव्हे.