आई गेली, तो रडला नाही

एक खटला सांगतो. आरोपीने समुद्रकिनाऱ्यावर एका माणसाला गोळ्या घातल्यात. आधी एक, मग जरा थांबून आणखी चार. खून कबूल आहे. आणि कोर्टात चर्चा कसली? तर आईच्या मयताला हा रडला का नाही! शवपेटीपाशी बसून दुधाची कॉफी प्यायला, सिगरेट ओढली, दुसऱ्या दिवशी पोहायला गेला, मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा पाहिला. शेवटी त्याचा वकीलच वैतागून विचारतो, आरोप आईला पुरल्याचा आहे की माणूस मारल्याचा?

हा मर्सो. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूच्या 1942 सालच्या ‘द आउटसायडर’ या कादंबरीचा नायक.

अस्तित्ववादी नायक, म्हणजे जगण्याला आयता अर्थ नाही असं मानणारा, म्हटलं की कोपऱ्यात धूर सोडत बसलेला, जगाला विटलेला इसम डोळ्यांसमोर येतो. (काम्यूने स्वतः ‘अस्तित्ववादी’ हे लेबल नाकारलं होतं. पण चिकटलं ते चिकटलंच.) मला मात्र खरी गंमत एका छोट्या प्रसंगात दिसते. खटल्याआधी वकील तुरुंगात येतो आणि विचारतो, त्या दिवशी तुम्ही भावना आवरून धरल्या होत्या, असं सांगू का? मर्सो म्हणतो, नाही, ते खरं नाही. बस. एवढीशी थाप त्याच्या उपयोगी पडली असती. तुम्ही-आम्ही भेटायला जातो, ‘फार वाईट झालं हो’ म्हणतो, आत कधीकधी काहीच हललेलं नसतं. पण लोकांना भावनेची पावती लागते, आणि मर्सो ती फाडत नाही.

फ्रेंच लेखक सार्त्रच्या ‘नॉशिया’ या कादंबरीत, 1938 साली, नायक रोकांतँ संग्रहालयात गावातल्या प्रतिष्ठितांची तैलचित्रं बघत फिरतो. प्रत्येक चेहऱ्यावर एकच खात्री: मला जगायचा हक्क आहे. तो मनातच त्यांना शिवी हासडून बाहेर पडतो. भांडण झालं, पण समोरच्यांना पत्ताच नाही!

आपला पांडुरंग सांगवीकर घ्या. ‘कोसला’, 1963. त्याचं हत्यार म्हणजे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’. कुठलीही भारदस्त गोष्ट असो, मागे ‘वगैरे’ लावलं की तिची हवा गेली. तरी त्याला मराठी मर्सो म्हणणं मला पटत नाही. धाकटी बहीण मनी जाते तेव्हा हा माणूस आतून फाटतो. ती पानं वाचून मग कुणी त्याला कोरडा म्हणून दाखवावं.

मर्सोपाशी मात्र मी एका ठिकाणी अडतो. त्याने ज्याला मारलं, त्याचं नाव अख्ख्या कादंबरीत नाही. नुसता ‘अरब’. फ्रेंच अंमलाखालच्या अल्जीरियातलं ते कोर्ट त्याची फारशी चौकशी करत नाही, मर्सोही करत नाही. म्हणजे या एका बाबतीत बंडखोराचं आणि समाजाचं अगदी एकमत!

2013 साली कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने त्या मेलेल्याच्या भावालाच आपल्या कादंबरीत बोलतं केलं. तिथे त्याला नाव मिळालं. मूसा.